भूल देणारी सिस्टर अमेरिकेत आहे, शहापूर-मुरबाडला का नाही?

सापगाव (ता. शहापूर) : बारावीचे निकाल लागले की शहापूर आणि मुरबाड तालुक्यात मोबाईलवर नर्सिंग प्रवेशाच्या जाहिराती धडाधड यायला लागतात. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. ही नावं आता पाड्यापाड्यावर माहीत झाली आहेत. त्यात अधूनमधून एक नवं नाव दिसतं, ‘ॲनेस्थेशिया नर्स’. जोडीला अमेरिकेतल्या नर्सचे व्हिडिओ फिरतात. तिथली नर्स स्वतः पेशंटला भूल देते आणि वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर कमावते, असं त्यात सांगतात. व्हिडिओतली माहिती खोटी नाही. पण ती आपल्याकडे लागू नाही, आणि हे न सांगता कोणी प्रवेशाची पावती फाडत असेल तर घरच्यांनी तिथंच थांबायला हवं.

आधी साधी गोष्ट. भारतात नर्सला स्वतःच्या जबाबदारीवर भूल देता येत नाही. भूल द्यायचं काम डॉक्टरचं, आणि त्यासाठी एमबीबीएसनंतर भूलशास्त्राचं वेगळं शिक्षण लागतं. नर्स डॉक्टरच्या सांगण्यावरून इंजेक्शन देते, सलाईन लावते, मॉनिटर बघते. पाठीच्या मणक्यात सुई घालून कमरेखालचा भाग बधिर करणं किंवा पेशंटला पूर्ण बेशुद्ध करून घशात नळी टाकणं हे तिच्या नावावर होत नाही. अमेरिकेसारखं ‘नर्स ॲनेस्थेटिस्ट’ असं स्वतंत्र परवान्याचं पद आपल्याकडे नाही.

मग विषय संपला का? नाही. उलट शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांसाठी तो इथूनच सुरू होतो.

सर्जन आहे, पण भूल कोण देणार?

डोळखांब किंवा टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावर बाईला रात्री कळा सुरू होतात. आशाताई १०८ ला फोन लावते. गाडी येते, बाई तालुक्याच्या दवाखान्यात पोचते. बाळ आडवं आहे किंवा ठोके कमी होत आहेत, म्हणजे सिझर करावं लागणार. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, रक्त हवं, बाळाकडे बघणारं माणूस हवं आणि भूलतज्ज्ञ हवा. यातलं एक जरी नसलं तरी कागदावर एकच शब्द पडतो, ‘रेफर’. मग शहापूरहून ठाणे पन्नास-साठ किलोमीटर, मुरबाडहून कल्याण किंवा उल्हासनगर. पावसाळ्यात भातसा फुगली की सापगावच्या पुलावरून शहापूर गाठणाऱ्यांचा जीव आधीच टांगणीला असतो. त्यात हायवेवर ट्रकची रांग लागलेली असली तर बोलायलाच नको.

सरकारच्या नियमात अशा रुग्णालयांना ‘प्रथम संदर्भ केंद्र’ म्हणतात. तिथं २४ तास सिझर होईल, नवजात बाळाची काळजी घेतली जाईल आणि रक्त साठवलेलं असेल, अशी अपेक्षा असते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर, औषधं आणि ने-आण फुकट आहे. पैशाची अडचण कागदावर तरी सुटली. माणसाची सुटली नाही. देशभरातल्या ग्रामीण रुग्णालयांत बरंच अडतं ते भूलतज्ज्ञापाशी. डॉक्टर शहरात खाजगीत जातात, कारण तिथं एका दिवसात चार ऑपरेशनं मिळतात. तालुक्याला चार दिवसांत एक.

जागतिक भूलतज्ज्ञ महासंघाच्या म्हणण्यानुसार एक लाख लोकांमागे निदान ५ भूलतज्ज्ञ असावेत. त्यांच्या २०१७ च्या पाहणीत भारतात हा आकडा साधारण सव्वा होता. तो सरासरीचा आकडा. मुंबई-पुणे वेगळं काढलं की आदिवासी तालुक्यांच्या वाट्याला काय उरतं, ते सांगायला आकडा लागत नाही.

सरकारने यावर एक तोड काढली होती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साध्या एमबीबीएस डॉक्टरांना ‘जीवरक्षक भूल कौशल्या’चं प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली. सुरुवातीला ते १८ आठवड्यांचं होतं. हेतू चांगला होता. साध्या सिझरसाठी भूल देता यावी एवढंच. पण देशात ठिकठिकाणी एकच अनुभव आला. प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरला अशा ठिकाणी नेमलं की जिथं स्त्रीरोगतज्ज्ञच नाही, किंवा एकट्याने भूल द्यायला त्याचाच हात कचरला. त्याच्या शेजारी उभं राहायला तयार हात नव्हता, हेही त्यामागचं एक कारण. ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

शेजारी उभी राहणारी सिस्टर काय करते?

सिझरच्या वेळी बहुतेकदा कमरेत इंजेक्शन देतात. ते दिल्यावर काही मिनिटांत बाईचा रक्तदाब झपकन खाली येऊ शकतो. तिला मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, बाळाला जाणारं रक्त कमी होतं. तेव्हा शेजारच्या सिस्टरने टेबल थोडं डावीकडे कलतं केलेलं असावं, सलाईन धावत असावी, रक्तदाब वाढवायचं औषध सिरिंजमध्ये भरून वर चिठ्ठी लावून तयार असावं. सक्शन मशीन चालू होतं की नाही हे सकाळी बघितलेलं असावं, पेशंट बेशुद्ध पडल्यावर नव्हे. ऑपरेशन झाल्यावर पुढचे दोन तास पेशंटकडे कोण बघतं, यावरही बरंच अवलंबून असतं. भुलीतून बाहेर येताना श्वास मंदावतो, जीभ मागे पडते, आणि बाहेर नातेवाईक ‘झोपलीय’ म्हणून निवांत बसलेले असतात.

पेशंट टेबलावर येण्याआधीही तिचं काम असतं. जेवणानंतर ६ तास, तेलकट-मटण झालं असेल तर त्याहून जास्त, आणि साधं पाणी असेल तर २ तास थांबावं लागतं. गावाकडे ‘चहा तर दिला, जेवण कुठं दिलं’ असं हमखास होतं. दुधाचा चहा जेवणातच मोजतात. पोटात काही असेल तर भुलीत ते उलटून फुफ्फुसात जातं आणि जीव जाऊ शकतो. चांगली सिस्टर ‘काही खाल्लं का’ असं विचारत नाही. ‘सकाळपासून काय काय तोंडात गेलं’ असं विचारते, म्हणजे बिस्किट, विडी, मिश्री सगळं बाहेर येतं.

गुटख्याचं आणखी वेगळं. राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि कुठल्याही नाक्यावर पुडी मिळते. वर्षानुवर्षं गुटखा खाणाऱ्याचं तोंड पुरतं उघडत नाही, दोन बोटंसुद्धा जात नाहीत. अशा माणसाला बेशुद्ध करून घशात नळी टाकायची म्हणजे भूलतज्ज्ञाच्याही अंगावर काटा येतो. ते आदल्या दिवशीच कळलं तर तयारी होते. टेबलावर कळलं तर पळापळ होते.

आणि हे कौशल्य फक्त ऑपरेशन थिएटरपुरतं नाही. भात लावणीपासून कापणीपर्यंत या दोन्ही तालुक्यांत साप चावण्याच्या घटना होतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं आणि मग श्वास थांबायला लागतो. आपल्याकडचं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. पण मण्यारीच्या विषाने एकदा श्वासाचे स्नायू लुळे पडले की नुसतं इंजेक्शन पुरत नाही, श्वास बाहेरून द्यावा लागतो, कधी तासन् तास, कधी काही दिवस. मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटर मिळेपर्यंत तोंडावर मास्क धरून हाताने फुगा दाबत राहणारा माणूसच त्याला वाचवतो. भूल देताना श्वासाची वाट मोकळी ठेवायची जी विद्या शिकवतात, ती नेमकी हीच. ती ज्या सिस्टरला येते तिच्या ड्युटीत मण्यारीचा पेशंट आला तर तो ठाण्यापर्यंत जिवंत पोचायची शक्यता बरीच वाढते.

अमेरिकेत हे कसं झालं?

तिथं ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. मिनेसोटा राज्यातल्या मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मगॉ नावाची नर्स भूल द्यायची. तिने १९०६ साली १४ हजारांहून जास्त भुलींचा अनुभव छापून प्रसिद्ध केला. डॉक्टरांना ते सगळं पटलं असं नाही. कॅलिफोर्नियात प्रकरण कोर्टात गेलं. १९३६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नर्सने सर्जनच्या देखरेखीखाली भूल देणं म्हणजे बेकायदा डॉक्टरकी नव्हे, असा निकाल दिला. आज तिथं या नर्सना राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फ्रान्समध्येही खास शिकलेल्या नर्स भुलीच्या कामात आहेत. आफ्रिकेतल्या इथिओपियासारख्या देशांत तर डॉक्टर नसलेले भूल देणारेच आरोग्यव्यवस्था चालवतात.

पण व्हिडिओत न सांगितलेला भाग असा. तिथं त्या शिक्षणाला प्रवेश मिळायला आधी नर्सिंगची पदवी लागते, अमेरिकेचा नर्सिंग परवाना लागतो आणि अतिदक्षता विभागात निदान एक वर्ष पूर्णवेळ काम केलेलं लागतं. मग किमान ३६ महिन्यांचा डॉक्टरेट पातळीचा अभ्यासक्रम. त्यात निदान ६०० पेशंटना भूल आणि २००० तास प्रत्यक्ष काम. म्हणजे बी.एस्सी.नंतरही हिशोब बऱ्याच वर्षांचा होतो. त्यात भारतीयांच्या नोकरीच्या ग्रीन कार्डची रांग वेगळी. ती दहा वर्षांच्याही पुढे गेली आहे. हे स्वप्न बघू नये असं कोणी म्हणणार नाही. पण त्यासाठी शेत गहाण टाकायच्या आधी हा हिशोब कागदावर मांडावा.

त्यामानाने जर्मनी जवळचा आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी १० हजार कुशल तरुणांना पाठवायचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. तिथं भूल डॉक्टरच देतो, पण भूल आणि अतिदक्षतेचं दोन वर्षांचं जादा शिक्षण घेतलेल्या नर्सला वेगळा मान आहे. खरी अडचण भाषेची. जर्मन बी-टू पातळीपर्यंत यायला हवं, आणि ते तीन महिन्यांच्या क्लासमध्ये होत नाही.

तयारी कुठून करायची?

निर्णय खरं तर अकरावीलाच होतो. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, शिवाय राज्याची सीईटी. ज्या मुलीने जवळ पडतं म्हणून आर्ट्स घेतलं, तिला जीएनएम करता येतं. ते तीन वर्षांचं. त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. केली की तीही पदवीपर्यंत पोचते, वर्ष जास्त लागतं एवढंच. एएनएमवरून मात्र थेट अतिदक्षतेच्या वाटेला लागता येत नाही.

पदवीच्या चार वर्षांत ज्या विषयांना मुली घाबरतात तेच इथं कामाचे. शरीरक्रिया, औषधशास्त्र आणि गणित. गणित म्हणजे काय, तर ॲड्रिनॅलिनच्या एका ॲम्पुलमध्ये १ मिलीत १ मिलिग्रॅम असतं. ते सलाईनमध्ये १० मिली केलं की प्रत्येक मिलीत १०० मायक्रोग्रॅम उरतं. त्यातलं १ मिली परत १० मिली केलं की १०. एक पायरी विसरली की डोस दहापट जातो, आणि ही चूक परीक्षेत होत नाही, रात्री तीन वाजता होते. म्हणून औषध भरलं की लगेच चिठ्ठी, आणि दुसऱ्या माणसाने वाचून खात्री. इंग्रजीची भीतीही इथंच मोडायला हवी, कारण मशीनवर येणारी सूचना मराठीत नसते.

प्रॅक्टिकलला आयसीयू किंवा ओटीत पोस्टिंग लागलं की मुली कोपऱ्यात उभ्या राहतात, कारण सिनियर ओरडतात. तिथं पुढे व्हायला हवं. सकाळी भुलीचं मशीन तपासताना बघावं, ऑक्सिजनचा जंबो सिलिंडर किती वेळ पुरेल ते विचारावं. बंद पडलेलं हृदय चालू करायचं जे प्रशिक्षण मिळतं, ते फक्त सर्टिफिकेटसाठी करू नये.

पदवीनंतर देशातच दोन-तीन रस्ते आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने ऑपरेशन थिएटर आणि अतिदक्षता नर्सिंगचे एक वर्षाचे डिप्लोमा ठेवले आहेत. २०१६ च्या सुमारास ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. त्यासाठी बी.एस्सी.नंतर वर्षभराचा अनुभव लागतो, आणि शिक्षणाचा मोठा भाग पेशंटच्या खाटेशी होतो. भुलीच्या सर्वात जवळ जाणारी भारतातली नर्सिंगची वाट सध्या हीच. मात्र पदवी मिळाली म्हणून त्या नावाचं पद आणि पगार मिळेलच असं धरून चालू नये.

ज्यांना नर्सिंगपेक्षा मशीन आणि ओटीच आवडतं, त्यांच्यासाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल पदवीचा वेगळा मार्ग आहे, त्यात भूल आणि ओटी तंत्रज्ञ तयार होतात. २०२१ च्या कायद्याने या तंत्रज्ञांसाठी राष्ट्रीय आयोगही झाला. तंत्रज्ञ वेगळा आणि नर्स वेगळी, हे मात्र प्रवेशाआधी समजून घ्यावं. तंत्रज्ञाला पुढे स्टाफ नर्सच्या भरतीत बसता येत नाही.

पैसा जातो कुठे?

सगळ्यात मोठी फसगत इथंच होते. ‘सहा महिन्यांत ॲनेस्थेशिया असिस्टंट, नोकरीची हमी’ असं म्हणणाऱ्या संस्थेच्या कागदावर कुठल्या तरी ट्रस्टचं नाव असतं, परिषदेचं नसतं. नर्सिंगची संस्था भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद, दोन्हींच्या यादीत आहे का, हे वेबसाईटवर फुकट बघता येतं. यादीत नाव नसेल तर शिकून झाल्यावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसलेली नर्स कायद्याने नर्सच नाही. मग ती खाजगी दवाखान्यात ‘मावशी’च्या पगारात राबते आणि चुकीचं खापर तिच्यावरच फुटतं.

दुसरी चूक घाईची. केंद्रीय प्रवेश फेरीची वाट न बघता मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरून मोकळं व्हायचं. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी आहे, पण केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतला तरच. आदिवासी मुलींसाठी शिष्यवृत्ती आहे, आणि वसतिगृह मिळालं नाही तर स्वयम योजना. चौकशी शहापूरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात होते. एक दाखला उशिरा निघाला म्हणून वर्षाचे पैसे गेले अशी घरं दोन्ही तालुक्यांत सापडतील. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवावा.

सरकारी भरती निघाली तर अधिपरिचारिकेची मूळ वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. खाजगी दवाखान्यांशी तुलना केली तर हा मोठा आकडा आहे, म्हणून एकेका जागेवर अर्जांचा ढीग पडतो.

नियम बदलावा का?

नर्सना भूल द्यायची परवानगी मिळावी, अशी मागणी मधूनमधून होते, आणि भूलतज्ज्ञ डॉक्टर तिला ठाम विरोध करतात. त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. भूल बहुतेक वेळा सुरळीत जाते. बिघडते तेव्हा चार मिनिटांत मेंदूला इजा होते, आणि त्या चार मिनिटांसाठीच डॉक्टर वर्षानुवर्षं शिकतो. शहरातल्या पेशंटला डॉक्टर आणि पाड्यावरच्या पेशंटला नर्स, अशी दोन दर्जांची सोय कोणाला नको असेल तर तेही बरोबरच आहे. पण आजचा दर्जा काय आहे? पाड्यावरच्या बाईला आज अनेकदा डॉक्टर नाही आणि नर्सही नाही, तिला रेफरचा कागद मिळतो.

मधला रस्ता आहे. भूल डॉक्टरनेच द्यावी, पण तालुका रुग्णालयात भुलीचं आणि अतिदक्षतेचं शिक्षण घेतलेल्या नर्सची पदं वेगळी मंजूर व्हावीत. तिला ओटीतून उचलून वॉर्डात टाकू नये. सध्या सरकारी रुग्णालयात ड्युट्या फिरत राहतात. दोन वर्षं ओटीत तयार झालेली सिस्टर तिसऱ्या वर्षी बाह्यरुग्ण विभागात केसपेपर लावताना दिसते. हे थांबवायला कायदा बदलावा लागत नाही, आदेश पुरतो. शेजारी असं माणूस असेल तर जीवरक्षक भुलीचं प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टरही धीराने उभा राहील, आणि शहरातून येणारा ऑन-कॉल भूलतज्ज्ञही ‘तिथं सोय नाही’ असं म्हणून नकार देणार नाही.

नर्सिंगचा जुना कायदा १९४७ चा. त्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि प्रसविका आयोगाचा कायदा संसदेने केला. नर्सच्या कामाची हद्द ठरवायची चर्चा आता या नव्या व्यवस्थेत व्हायला हवी. तालुक्याच्या ओटीत कोण उभं राहणार हा प्रश्न तिथं कोणी मांडला नाही तर तो आपोआप येणार नाही. जिल्हा परिषद सदस्य आणि आमदार रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन करतात, पदांची यादी क्वचितच मागतात. ती मागायला हवी, कारण माणूस तयार व्हायला वेळ लागतो. सापगावची एखादी मुलगी यंदा बारावी होऊन नर्सिंगला लागली, तर चार वर्षं पदवी, एक वर्ष आयसीयू आणि दोन वर्षं पुढचं शिक्षण धरून तिला ओटीत उभं राहायला सात वर्षं लागतील, आणि त्या दिवशी तिच्यासाठी तालुक्यात पद असेल की नाही हे आज ठरतंय.